डिस्नी वर्ल्डची चारही पार्क एका दिवसात: जमतं का?

उदगीरकर
मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भावाकडं टॅम्पाला जातोय. आम्ही दोघं, ७ वर्षांचा मुलगा (उंची ११८ सेंमी) आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात. ऑरलँडोसाठी हातात एकच दिवस आहे, भावाची गाडी आहे. डिस्नीची चारही पार्क एका दिवसात करता येतात असं ऐकलं. तिकीट कोणतं घ्यावं, आधी कुठं जावं, आणि माणूस फसतो कुठं?

परभणीकर
करता येतात. पण दिवस राइडमध्ये कमी आणि जाण्यायेण्यात जास्त जातो. सगळा पसारा जवळपास १०० चौरस किलोमीटरचा आहे. एका पार्कातली राइड संपवून दुसऱ्याच्या गेटातून आत शिरेपर्यंत पाऊण ते एक तास धरा: गेटापर्यंतची चाल, बसची वाट, पुन्हा बॅगतपासणी, पुन्हा बोटाचा ठसा. तीनदा पार्क बदललं की तीन तास तिथंच संपले.

तिकीट पार्क हॉपरचंच लागतं. साध्या तिकिटावर दिवसभर एकच पार्क. पूर्वी दुपारी २ नंतरच दुसऱ्या पार्कात सोडायचे. जानेवारी २०२४ पासून ती अट गेली.

क्रम असा ठेवा: ॲनिमल किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज, एपकॉट, शेवटी मॅजिक किंगडम. ॲनिमल किंगडम सगळ्यात लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं, शिवाय सफारीतली जनावरं सकाळीच हिंडताना दिसतात. उन्हं तापली की सावली धरून बसतात. मॅजिक किंगडम रात्री उशिरापर्यंत चालू असतं आणि आतषबाजीही तिथली पाहण्यासारखी.

हॉलिवूड स्टुडिओजहून एपकॉटला स्कायलायनर, म्हणजे पाळण्यांची रोपवे आहे. मधे एका स्टेशनावर पाळणा बदलावा लागतो. उतरता ते एपकॉटच्या मागच्या गेटाशी, ब्रिटन आणि फ्रान्स या देशांच्या दालनांच्या मधे. मोनोरेल मात्र पुढच्या गेटातून सुटते, त्यामुळं पार्क आडवं चालत पार करावं लागतं. राइड बघत बघत पुढं सरका, परत मागं येऊ नका. मोनोरेल थेट मॅजिक किंगडमला जात नाही. टीटीसी नावाच्या स्टेशनावर गाडी बदलायची, नाहीतर तिथून फेरीबोट घ्यायची.

खरी फसगत गाडीची होते. सकाळी ॲनिमल किंगडमला गाडी लावली, मग बस-रोपवे-मोनोरेल करत रात्री १० ला मॅजिक किंगडमहून निघालात, तर लवकर बंद झालेल्या पार्काकडं जाणारी बस त्या वेळी मिळेलच असं नाही. म्हणून एकतर गाडी पार्कागणिक सोबत फिरवा (पार्किंगचे पैसे एकदाच, त्या दिवशी चारही ठिकाणी चालतात), नाहीतर भावाला सकाळी सोडायला आणि रात्री टीटीसीवर घ्यायला सांगा. टॅम्पाहून सव्वा ते दीड तास धरा. आय-४ महामार्गावर सकाळी गाड्या तुंबतात, तेव्हा अंधारातच निघालेलं बरं.

लाइटनिंग लेन मल्टी पास (मोठी रांग टाळायचा, पैसे भरून मिळणारा पास) घेणार असाल तर: डिस्नीच्या हॉटेलात उतरत नसल्यानं तुम्हाला ३ दिवस आधी, तिथल्या सकाळी ७ वाजता बुकिंग करता येईल. भारतातून करायचं तर दुपारी ४:३०. पहिल्या तीन राइड एकाच पार्कातल्या निवडाव्या लागतात. सकाळी पार्क उघडताना रांगा छोट्या असतात, म्हणून त्या तीन ॲनिमल किंगडमवर घालवू नका. हॉलिवूड स्टुडिओजच्या, ११ नंतरच्या घ्या. त्यातली पहिली वापरली की पुढची बुकिंग इतर पार्कांची करता येते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपातून आधीच चालू करा. बंद असतील तर ऐन वेळी पैसे अडकतात.

मुलाच्या ११८ सेंमीत एक्स्पिडिशन एव्हरेस्ट (११२), टॉवर ऑफ टेरर (१०२), स्लिंकी डॉग (९७) बसतात. ट्रॉनला १२२ लागतात, ती राइड बाद.

नांदेडची लेक
दादा, वरचं सगळं बरोबर आहे, पण काकूंना घेऊन चार पार्क कामून करायचे? १५ किलोमीटरच्या आसपास चाल होते, तीही दमट हवेत. आपल्याकडं लातुरात ४० चा पारा असला तरी ऊन कोरडं. सावलीला टेकलं की घाम वाळतो. ऑरलँडोत जूनमध्ये पारा ३२-३३ च दिसतो, पण घाम अंगावरच राहतो आणि सावलीतही जीव निवत नाही. ओआरएसच्या पुड्या सोबत ठेवाच. थंड पाण्याचा पेला काउंटरवरच्या खाण्याच्या ठिकाणी फुकट मिळतो, मागायला लाजू नका.

दुपारी विजा-पाऊस जवळजवळ रोजचाच. वीज कडाडली की स्कायलायनर आणि उघड्यावरच्या राइड थांबतात. नेमकं त्याच वेळी एपकॉटला निघालात तर तास गेला. हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉटच्या मधे बोट आणि पायवाटही आहे; पण विजा असताना बोटही थांबते आणि चालायचं तर ओलं व्हायचं.

व्हीलचेअर गेटाशीच भाड्यानं मिळते. ती पार्काबाहेर नेता येत नाही. पावती जपून ठेवा, दुसऱ्या पार्कात तीच पावती दाखवून तिथली व्हीलचेअर घ्यायची.

खाणं आत नेता येतं. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. काचेची बरणी गेटावर अडते, सुटा बर्फही चालत नाही; बर्फाऐवजी जेलपॅक ठेवा.

बीडकर
एकापेक्षा जास्त पार्क हाच हट्ट असेल तर ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचा विचार करा. युनिव्हर्सल स्टुडिओज (१९९०) आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर (१९९९) शेजारी-शेजारी आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं. दोन्हींमधे धावणाऱ्या हॉगवर्ट्स एक्स्प्रेस या रेल्वेतून जायचं तर पार्क-टू-पार्क तिकीटच हवं. एपिक युनिव्हर्स (मे २०२५) मात्र काही किलोमीटर लांब, ते यात धरू नका. अडचण एवढीच की तिथं झटक्याच्या राइड जास्त, आई-बाबांना बसायजोगं कमी.

उदगीरकर
सगळ्यांचे आभार. आईकडं बघून डिस्नीचेच दोन करावेत म्हणतो. कोणते? आणि हॉपर तरीही लागेल ना?

परभणीकर
लागेलच, दोन असले तरी. ॲनिमल किंगडम आणि मॅजिक किंगडम घ्या. सकाळी उघडताक्षणी सफारी (१८-२० मिनिटं, बसूनच), मग एव्हरेस्ट. तिथं तुमच्यापैकी एकजण मुलाला घेऊन बसेल, दुसरा आई-बाबांपाशी थांबेल. १ वाजता निघून मॅजिक किंगडम. तिथं वीज कडाडली तरी चालणाऱ्या, आतल्या, बसायच्या राइड भरपूर: पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड. पीपलमूव्हरवर (उंचावरून हळू फिरणारी गाडी) आईला चढता-उतरताना सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवावा लागेल, तेवढं आधी सांगून ठेवा.

रात्री आतषबाजी संपताच मोनोरेलला लोंढा लागतो. पंधरा-वीस मिनिटं आतच बसून राहा, मग फेरीबोटीनं टीटीसीला उतरा. गाडी तिथंच लावलेली असेल. पार्किंगमधल्या रांगेच्या नंबराचा गाडी लावतानाच फोटो काढून ठेवलेला बरा.