हेतू चांगला असला तरी शब्द मनाला लागतोच
‘हेतू चांगला असेल तर शब्द मनाला लागत नाही’ हे म्हणणं मला पटत नाही. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सांत्वनालाच आले होते. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग त्यांच्यातल्या बिल्ददाने दहा मुलं गमावलेल्या त्या बापाला सुनावलं, की मुलांनी पाप केलं असेल म्हणून भोगलं (ईयोब ८:४). मयताच्या घरी आपण ‘देवाची इच्छा’ म्हणतो तेव्हा आईला ‘देवाने नेलं’ एवढंच ऐकू येतं. तिथे हात धरा, डबा पोचवा. कारण सांगू नका. बोलून गेलाच असाल तर बायबलमधल्या मत्तय ५:२४ या वचनाप्रमाणे अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्या घरी जा. ‘वाईट वाटलं असेल तर माफ करा’ नको. कुठलं वाक्य चुकलं ते स्वतः उच्चारून क्षमा मागा.