गॅलरी तीन फुटांची, तीही ग्रिलची. १४५ मेगाहर्ट्झसाठी घरी कोणता ॲन्टेना करू?

ऐरोलीची_रेडिओवाली:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात हॅम रेडिओचं लायसन्स हातात पडलं, पाच वॅटचा हँडी (हातात धरायचा रेडिओ) घेतला. राहायला ऐरोलीत, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीची किल्ली सोसायटी देत नाही. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा "वर वायरी नकोत" एवढंच उत्तर. उरली गॅलरी. पारसिकचा डोंगर पाठीमागे आणि गॅलरी खाडीकडे, तेवढं बरं आहे. रबरी ॲन्टेनावर ठाण्यातली मंडळी तुटक ऐकू येतात, पण मी हाक मारली की कुणाचं उत्तर नाही. सोल्डरिंग येतं. काय करता येईल?

कळव्याचा_काका:
ताई, क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन करा, म्हणजे चौथाई तरंगलांबीची एक उभी सळी आणि तिच्याखाली चार सळ्या. तुमच्या जागेत तोच बसेल. ३०० ला १४५ ने भागा, २.०७ मीटर तरंगलांबी येते. तिचा चौथा हिस्सा ५२ सेंटीमीटर. प्रत्यक्षात सळी थोडी आखूड लागते, म्हणून उभी सळी ४९ आणि खालच्या चार सळ्या ५२ च्या. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात पितळी ब्रेझिंग रॉड मिळतात, ते घ्या. एसओ-२३९ सॉकेटच्या (केबलचा प्लग जिथे बसतो त्या) मधल्या पिनला उभी सळी सोल्डर करायची, चार कोपऱ्यांच्या भोकांत स्क्रूने बाकीच्या. त्या चार आडव्या ठेवल्या तर इम्पिडन्स (रेडिओच्या करंटला होणारा अडथळा, तो केबलशी जुळायला हवा) ३६ ओहमच्या आसपास राहतो. ४५ अंशांत खाली वाकवल्या की ५० च्या जवळ येतो, आणि आपली केबलही ५० ओहमचीच. उभी सळी आधी ५१ ची ठेवा, मग मीटरवर एसडब्ल्यूआर (ॲन्टेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) बघत अर्धा अर्धा सेंटीमीटर कापा. सगळ्या टोकांना छोटा गोल वाक द्या, गॅलरीत डोळ्याची उंची तीच असते. मोजमाप वाक देऊन झाल्यावर घ्या.

आता खरी गोष्ट ग्रिलची. माझा पहिला ॲन्टेना मी पावसाच्या भीतीने ग्रिलच्या आत टांगला होता. एसडब्ल्यूआर ३. सळी लांब झाली असं समजून कापत गेलो, ४६ वर आलो तरी काटा हलेना. दोष सळीचा नव्हताच, हातभर अंतरावरच्या लोखंडाचा होता. नवी सळी लावली, पीव्हीसी पाइपवर मीटरभर बाहेर काढला आणि काटा १.३ वर आला. त्या दिवशी घरात सगळ्यांना बोलावून मीटर दाखवला होता.

पाइप दोन ठिकाणी क्लॅम्प करा, वर जाड नायलॉन दोरीने बांधा. खाली माणसं चालतात. विजा चमकायला लागल्या की केबल काढून पाइप आत ओढायचा, यात हयगय नको.

तांब्याची_नळी:
केबल आखूड ठेवा. आरजी-५८ या बारीक केबलच्या दहा मीटरमध्ये १४५ ला साधारण दोन डेसिबल जातात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पॉवर वाटेतच. पुढे १४ मेगाहर्ट्झ हवा झाला तर याच गॅलरीत मॅग्नेटिक लूप होईल. एसी बसवणाऱ्यांकडून अर्ध्या इंची तांब्याची तीन मीटर नळी घ्या, ९५ सेंटीमीटर व्यासाचं कडं करा, टोकांमध्ये साधारण ४८ पिकोफॅरडचा व्हेरिएबल कपॅसिटर. मात्र दहा वॅटलाही त्या कपॅसिटरवर हजार-दोन हजार व्होल्ट चढतात. घरात मूल असेल तर गॅलरीचं दार लावून मगच प्रेस-टू-टॉक (बोलायचं बटण) दाबा.

ऐरोलीची_रेडिओवाली:
काका, झाला! सॉकेटच्या पिनवर सोल्डर धरेना, साठ वॅटचं सोल्डरिंग आयर्न मैत्रिणीकडून आणलं आणि पितळ पॉलिश पेपरने लख्ख घासलं, मग एका दमात बसलं. पाइप मीटरभर बाहेर आहे. ४९ ला अगदी थोडं जास्त असताना १.४ आला, तिथेच थांबले. काल रात्री साडेनऊला हाक मारली, ठाण्यातून पहिल्याच हाकेला उत्तर आलं. बोलताना घशात आवाजच फुटेना. चार केबल टाय करकचून बांधल्यात, पण सॉकेटच्या खाली केबलच्या तोंडाशी उघडं दिसतंय. पावसाआधी तिथे काय लावू?

कळव्याचा_काका:
अभिनंदन ताई! रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. वरून साधी काळी टेप. केबलला प्लगच्या खाली एक लोंबता फेरा ठेवा, पाणी तिथून गळून जाईल. खाडीचा वारा खारट, दिवाळीनंतर एकदा उघडून बघा. ७३ (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार).