तालुक्यातल्या डॉक्टर, सिस्टर, आशांसाठी जेनेटिक्सचं एक दिवसाचं प्रशिक्षण : नेमकं काय घ्यायचं?

करवीर_प्रशिक्षक

राधानगरी, भुदरगड आणि शाहूवाडीसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण आखतोय, सकाळी १० ते ५. गट ४० जणांचा आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रांचे एमओ (वैद्यकीय अधिकारी), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), एएनएम (सिस्टर), आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकातले डॉक्टर, गटप्रवर्तक (आशांच्या पर्यवेक्षिका) आणि काही लॅब टेक्निशियन. नेहमीचा साचा म्हणजे सकाळी डीएनएची रचना आणि मेंडेलचे वाटाणे, दुपारी एक्सोम सिक्वेन्सिंग (जनुकांचा महत्त्वाचा भाग एकदम वाचणारी तपासणी). त्याने ओपीडीत काहीच बदलत नाही. सोमवारी कामावर गेल्यावर प्रत्येकाने कोणती गोष्ट वेगळी करायची, इथून सुरुवात करायची आहे. काय ठेवाल, काय काढाल? आणि शिकवलेलं टिकलं की नाही हे कसं तपासायचं?

बालरोग_इचलकरंजी

मेंडेल काढा. पहिले दोन तास फक्त तीन पिढ्यांची वंशावळ काढायला द्या, तीही प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल देऊन. पुरुष चौकोन, स्त्री गोल, आजारी असेल तर आत रंग, वारलेल्यावर तिरकी रेघ, ज्याच्यामुळे चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. गर्भपात आणि जन्मून गेलेली बाळं हमखास सुटतात. म्हणून "मुलं किती?" असं विचारू नका, "दिवस किती वेळा राहिले?" असं विचारायला शिकवा.

आपल्या भागात सगळ्यात मोठी चूक नात्याच्या प्रश्नात होते. "नात्यात लग्न झालंय का?" म्हटलं की बाई सरळ "नाही" म्हणते. आत्याच्या मुलाशी लग्न हे तिच्या दृष्टीने रीतीचं लग्न असतं, 'नात्यातलं' म्हणावं असं त्यात तिला काही दिसत नाही. प्रश्न असा हवा: "लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागायच्या?" आत्या म्हणाली तर आत्ये-मामे भावंडांचं लग्न. आजी म्हणाली तर मामा-भाचीचं. शिवाय दोघांचं मूळ गाव विचारायचं, कारण लांबचं नातं तिथे सापडतं.

हे का महत्त्वाचं, ते आकड्यात सांगा. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण जनुकातला बदल बाळाला देऊ शकतात असे) देशात सरासरी ३ ते ४ टक्के, म्हणजे अनोळखी नवरा वाहक निघण्याची शक्यता साधारण ३० त १. बायको वाहक असेल आणि नवरा तिचा आत्येभाऊ असेल, तर तोच बदल त्याच्यातही असण्याची शक्यता ८ त १. मामा असेल तर ४ त १. सोबत हेही सांगायचं की सख्ख्या आत्ये-मामे भावंडांच्या बाळात जन्मजात व्यंगाचा धोका नेहमीच्या २-३ टक्क्यांवर आणखी तेवढाच वाढतो, म्हणजे बहुतेक बाळं निरोगीच जन्मतात. प्रशिक्षणार्थी हा भाग ऐकत नाहीत आणि घरी जाऊन लोकांना घाबरवतात.

दुसरी गोष्ट नात्यांच्या शब्दांची. इंग्रजी फॉर्मवर 'अंकल' लिहिलं की माहिती गेली. मराठीत मामा, काका, आत्या, मावशी हे शब्दच आईकडचं की वडिलांकडचं ते सांगतात. डुशेन (स्नायू झिजण्याचा) किंवा हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा) अशा आईकडून मुलात येणाऱ्या आजाराचा संशय असेल तर मामा आणि मावसभाऊ यांची नावानिशी चौकशी झालीच पाहिजे, काकाची नोंद तिथे फारशी कामाची नाही. छापील फॉर्म मराठी नात्यांच्या शब्दांतच करा.

आरबीएसकेच्या डॉक्टरांसाठी एक उदाहरण जरूर घ्या. ४-५ वर्षांचा मुलगा, पोटऱ्या जाड, जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकतो, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतले एन्झाइम) वाढलेले. कावीळ समजून महिनोन्‌महिने लिव्हरची औषधं चालू राहतात. हे एन्झाइम स्नायूंतूनही येतात. सीपीके (स्नायूंच्या एन्झाइमची रक्ततपासणी) केलं की ते हजारांत निघतं आणि डुशेनची दिशा स्पष्ट होते. मग ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) २-३ मिली रक्त एमएलपीए तपासणीला (जनुकाचा तुकडा गळालाय किंवा वाढलाय का ते पाहणारी). दोन तृतीयांशाच्या आसपास मुलांचं निदान तिथेच होतं, स्नायूचा तुकडा काढावा लागत नाही. उशीर झाला तर तोवर आईला पुन्हा दिवस गेलेले असतात.

लॅब_शाहूपुरी

टेक्निशियनना वेगळ्या खोलीत दीड तास द्या, डॉक्टरांबरोबर बसवू नका.

नेस्ट्रॉफ्ट (थॅलेसेमियाच्या वाहकांसाठीची सोपी चाळणी चाचणी) प्रत्यक्ष करून घ्या. एका टेस्ट ट्यूबमध्ये ०.३६ टक्के बफर्ड सलाइन २ मिली, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर २ मिली. दोन्हींत २० मायक्रोलिटर रक्त. अर्धा तास ठेवून हलवायचं आणि पांढऱ्या कागदावरच्या बारीक काळ्या रेघेसमोर धरायचं. पाण्याच्या ट्यूबमधून रेघ स्वच्छ दिसलीच पाहिजे, नाहीतर चाचणी बाद. सलाइनच्या ट्यूबमधून रेघ दिसली तर निगेटिव्ह, दिसली नाही किंवा धूसर दिसली तर पॉझिटिव्ह. बाटली उघडी राहिली की पाणी उडतं, द्रावण तीव्र होतं आणि सगळेच पॉझिटिव्ह येऊ लागतात. म्हणून रोज सकाळी एक माहीत असलेला नॉर्मल आणि एक माहीत असलेला वाहक नमुना आधी लावायचा. लोह कमी असलेल्या बायकाही यात पॉझिटिव्ह येतात. ही फक्त चाळणी आहे, कार्डावर 'थॅलेसेमिया' असं लिहायचं नाही.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वाचायला एमओंनाही शिकवा. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी). एमसीव्हीला आरबीसी काउंटने (लाल पेशींच्या संख्येने) भागा: १३ च्या खाली आलं तर वाहक असण्याकडे कल, वर आलं तर लोहाची कमतरता. पण हा भागाकार पाहून एचपीएलसी टाळायची नाही. गरोदर बाईत दोन्ही एकत्र असू शकतात.

एचपीएलसीचा रिपोर्ट वाचताना एचबीए२ (वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) ४ टक्क्यांच्या वर असेल तर प्रश्न नाही, ती वाहक. ३.५ ते ३.९ च्या पट्ट्यात गोंधळ होतो. लोह फार कमी असेल तर ए२ खाली ओढला जातो, बी१२ कमी असेल तर एमसीव्ही वर जाऊन वाहक झाकला जातो. अशा वेळी लोहाचा कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबणं ही गरोदर बाईबाबत घातक चूक आहे. नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करा. तो नॉर्मल निघाला की घाई संपली. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, ही नोंद फॉर्मवर नसेल तर रिपोर्टवर विश्वास ठेवू नका.

नळ्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त. डीएनए आणि एचपीएलसीला जांभळ्या टोपणाची ईडीटीए. कॅरिओटाइपला (क्रोमोसोमच्या तपासणीला) हिरव्या टोपणाची सोडियम हेपॅरिन, कारण तिथे पेशी जिवंत वाढवायच्या असतात. ती नळी फ्रीझरमध्ये गेली की नमुना संपला. २४ ते ४८ तासांत पोचली पाहिजे, तेव्हा शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या गाडीवर टाकू नका. सोमवार ते बुधवार हाच नियम लावा.

नर्सिंग_ट्यूटर_गडहिंग्लज

सिस्टर आणि आशांसाठी मणी वापरा, स्लाइड नको. दोन वाट्या, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत एक लाल, एक पांढरा मणी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक मणी उचलायचा, वहीत लिहायचं, मणी परत टाकायचे. असं २० वेळा. चार-चार जणींचे गट करा. कुठल्या गटात दोन्ही लाल ३ वेळा येतात, कुठल्या गटात ८ वेळा. फळ्यावर सगळ्या गटांची बेरीज मांडली की पाव हिश्श्याच्या आसपास येते. एखादा गट मणी परत टाकायला विसरतोच. तिथे थांबा, कारण "एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" ही जी समजूत घरोघरी आहे, ती नेमकी त्याच चुकीतून येते. प्रत्येक वेळी वाट्या पुन्हा भरलेल्याच असतात.

शब्दांवर एक तास ठेवा. 'दोष', 'खराब रक्त' हे शब्द बंद. 'वाहक' म्हणताना लगेच पुढचं वाक्य हवं: "तुम्हाला आजार नाही, पण जोडीदारही वाहक असेल तर बाळाला होऊ शकतो." कार्डावर वाहकासाठी नुसतं 'मायनर' लिहिलं की घरचे त्याचा अर्थ हलका आजार असा घेतात आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या सुरू राहतात. लोह कमी असल्याशिवाय वाहकाला लोह नको, पण गरोदरपणात तपासून द्यायचं, सरसकट बंद करायचं नाही.

रोल प्ले तीन माणसांचा घ्या: सून, सासू, सिस्टर. सासू म्हणते, "हे तिच्या माहेरचं आहे." सिस्टरने काय म्हणायचं? थॅलेसेमियाचा आजार दोन्हीकडून आलेल्या बदलांनी होतो, एकीकडून नाही. आणि निकाल आधी त्या बाईला एकटीला सांगायचा, ओसरीवर सगळ्यांसमोर नाही. आशा त्याच वाडीतली असते, म्हणून गुप्ततेचं हे वळण तिच्याबाबत आणखी कडक हवं.

आशांना एकच जास्तीची जबाबदारी द्या: आधीच्या बाळाला पाठीवर गाठ किंवा मेंदू-मणक्याचं व्यंग होतं अशी बाई शोधणं. तिला पुढचे दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ५ मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड हवं. नेहमीचा डोस ४०० मायक्रोग्रॅमचा, तो इथे पुरत नाही. दिवस राहिल्यावर नाव नोंदवून गोळी दिली तर वेळ गेलेली असते, मणका गर्भ धरल्यापासून चौथ्या आठवड्यातच मिटतो.

करवीर_प्रशिक्षक

तिघांचेही आभार. मण्यांचं नक्की घेतो. एक अडचण: नवरा मुंबईला कामाला, किंवा ऊसतोडीला बाहेर. बायको वाहक निघाली तरी त्याचं रक्त मिळायला महिना जातो. हे प्रशिक्षणात कसं बसवायचं?

प्रसूती_राजारामपुरी

कॅलेंडर उलटं मोजायला शिकवा. भिंतीवर आठवड्यांची पट्टी लावा आणि शेवटून मागे या. गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजल १६ च्या पुढे. त्याआधी नवरा-बायको दोघांचे नेमके बदल माहीत हवेत, नाहीतर गर्भाच्या नमुन्यात शोधायचं काय? ती तपासणी २-३ आठवडे घेते. म्हणजे बाईचं सीबीसी आणि एचपीएलसी पहिल्याच नोंदणीला, शक्यतो १० आठवड्यांच्या आत. १४ व्या आठवड्यात बाई वाहक कळली आणि नवरा १८ ला आला, तर निकाल हातात येईपर्यंत २२-२३ होतात.

नवऱ्यासाठी गावी येणं गरजेचं नाही. तो जिथे आहे तिथल्या लॅबमध्ये सीबीसी आणि एचपीएलसी करून फोटो पाठवू शकतो. चिठ्ठीवर तपासणीचं नाव आणि 'पत्नी वाहक, गर्भवती, अमुक आठवडे' एवढं स्पष्ट लिहिलेलं हवं. ही चिठ्ठीच प्रशिक्षणात लिहायला लावा.

कायद्याची २० मिनिटं ठेवा. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा) कायदा १९९४ चा. त्यात गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, पण क्रोमोसोमचे आजार, हिमोग्लोबिनचे आजार, चयापचयाचे आनुवंशिक आजार यांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भतपासणीला परवानगी आहे, स्त्रीची लेखी संमती घेऊन. भीतीपोटी एमओ रेफरच करत नाहीत, ते चुकीचं आहे. गर्भपाताबाबत २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक कारणांसाठी २४ पर्यंत दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ नंतर मेडिकल बोर्ड. निर्णय बाईचा. ठेवायचं ठरवलं तरी तपासणीचा उपयोग असतो, हे तिला सांगायला शिकवा.

आणि डाउन सिंड्रोम: चेहऱ्यावरून खात्री असली तरी बाळाचं कॅरिओटाइप सोडू नका. बहुतेक बाळांत सुटं जास्तीचं २१ वं क्रोमोसोम असतं, पण ३-४ टक्क्यांत ते दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेलं असतं. तसं निघालं तर आईबापांचीही तपासणी. पुढच्या वेळचा धोका त्यावरच ठरतो.

बालरोग_इचलकरंजी

एक्सोमबद्दल एवढंच सांगा: 'अनिश्चित अर्थाचा बदल' असं रिपोर्टवर असेल तर त्यावर कोणताही निर्णय नाही, गर्भपाताचा तर नाहीच. रिपोर्ट जेनेटिसिस्टकडे.

तपासणीसाठी प्रश्नपत्रिका नको. तीन महिन्यांनी प्रत्येक केंद्रातली शेवटची २० एएनसी (गरोदर बायकांच्या तपासणीची) कार्डं काढा आणि चार गोष्टी मोजा: सासूचा प्रश्न विचारलाय का, एमसीव्ही लिहिलंय का, ८० च्या खालच्यांपैकी किती जणींची एचपीएलसी झाली, वाहकांपैकी किती नवऱ्यांचा निकाल आला. हीच चार मोजणी प्रशिक्षणाच्या आदल्या आठवड्यात करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? चौथा आकडा सगळ्यात कमी येईल. तिथे पुन्हा तासभर बसायचं, संबंधित सिस्टर आणि गटप्रवर्तक यांच्यासोबत, त्याच बायकांच्या चिठ्ठ्या समोर ठेवून.