डॉगफूडमधलं केमिकल लॅबमध्ये पटकन कसं कळतं?

प्रश्न: नवीन पिशवी उघडल्यापासून आमची कुत्री नीट खात नाहीये, दोनदा उलटी झाली, पाणी मात्र सारखं पितेय. लॅबवाले म्हणतात आधी स्क्रीनिंग मग कन्फर्मेशन, एकदाच पक्की टेस्ट का नाही करत?

उत्तर १: ते नंतर, आधी आजच व्हेटकडे न्या आणि किडनीसाठी रक्त तपासा!!

उत्तर २: मी लॅबमध्येच आहे. दाणे दळून सॉल्व्हंटमध्ये हलवायचे, गाळून अर्क स्ट्रिपवर, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) काही मिनिटांत कळतं, हे स्क्रीनिंग. बहुतेक स्ट्रिपवर टेस्टची रेघ उमटली नाही तर पॉझिटिव्ह, नवीन लोक इथेच चुकतात. पण स्ट्रिप ज्याची आहे तेवढंच शोधते आणि कधी खोटं पॉझिटिव्ह पण देते, म्हणून मग कन्फर्मेशनला एलसी-एमएस, म्हणजे अर्कातली रसायनं वेगळी करून वजनावरून ओळखणारं मशीन. आणि मूठभर दाणे नका देऊ, विष सगळीकडे सारखं नसतं, अख्खी पिशवी द्या, बॅच नंबरसकट.

उत्तर ३: मेलामाइनची (प्लास्टिक बनवायचं रसायन, भेसळीत सापडलेलं) टेस्ट वेगळी सांगून करून घ्या. २००७ ला अमेरिकेत त्यानेच कुत्री-मांजरं गेली, प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात आणि मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजनच, त्यामुळे साध्या प्रोटीन टेस्टला ते प्रोटीनच वाटलं. त्याच भेसळीतल्या सायन्युरिक अ‍ॅसिडसोबत किडनीत खडे झाले.

प्रश्नकर्ती: निघालोय व्हेटकडे, पिशवी सोबत घेतलीये.