अनुदानाच्या यादीतले कोणते रकाने ग्रुपवर टाकायचे?

सेतूवाला_दारव्हा
अतिवृष्टीची यादी आली. ई-केवायसीसाठी लोक व्हीके नंबर (यादीतला प्रत्येकाचा विशिष्ट क्रमांक) मागून राहिले, म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकायची आहे. रकाने: नाव, गट, बाधित क्षेत्र, रक्कम, व्हीके नंबर, आधार, खाते, मोबाईल. काय काढू? काही जण म्हणतात, सातबारा कोणीही पाहतो, मग यात लपवायचं काय?

जुना_धुरा
शेवटचे तीन काढा, बाकी राहू द्या. अनुदान कोणाला मिळालं हे माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ४ प्रमाणे कार्यालयानं आपणहून जाहीर करायचं असतं. बोगस नावं त्यातूनच सापडतात. व्हीके नंबर उघड झाला तरी पुढे अंगठा किंवा ओटीपी लागतोच. आधार नंबर जाहीर लावायला मात्र आधार कायद्याच्या (२०१६) कलम २९ ची मनाई आहे, भिंत असो की ग्रुप.
सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसतो, तेवढाच उघड. हप्ते किती थकले हे बँक आणि खातेदारातलं.

कोरा_सातबारा
भाऊ, अंगठ्यावर पैसे देणाऱ्या मशीनला आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा, एवढंच लागतं. खाते नंबर ती विचारतच नाही. खरेदीखताच्या नकलेवरून ठसे उचलून नकली बोटं बनवणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्यात. म्हणून आधाराचा रकाना सगळ्यात धोक्याचा.
एक्सेलमध्ये नुसता हाईड करू नका, समोरचा अनहाईड करतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचे आकडे बरेचदा कॉपी होतात. फाईलची नक्कल काढा, रकाने डिलीट करा, मग पीडीएफ. सारख्या नावांना गट नंबर पुरतो. आधार ठेवायचाच म्हणाल तर फक्त शेवटचे ४ अंक, आणि दरवेळी तेच. एका यादीत पहिले ८ झाकले, दुसरीत शेवटचे ४, की दोन्ही जोडून १२ तयार!

सेतूवाला_दारव्हा
मागच्या वर्षीची यादी आधारसकट ग्रुपवर पडून आहे. डिलीट केली की झालं?

जुना_धुरा
डिलीट कराच, पण ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे राहीलच. यादीतल्यांना आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करायला सांगा. मोबाईल आधारला जोडलेला हवा. मग रेशनच्या मशीनवर अंगठा चालणार नाही, अंगठ्यावरची ई-केवायसीही अडेल, तेवढ्यापुरतं अनलॉक करायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

कोरा_सातबारा
आणि संजय गांधी निराधारच्या यादीतला कारणाचा रकाना आधी उडवा. त्यात क्षयरोग, कुष्ठरोग, एड्स असं लिहिलेलं असू शकतं. गावाला नाव नि मंजुरी पुरे.