पद्य, काव्य, कविता: कुठे कोणता शब्द?

प्रश्न: 'गद्य'चा विरुद्धार्थी शब्द म्हणून कुठे 'पद्य' दिलेला असतो, कुठे 'काव्य'. दोन्ही चालतात का?

उत्तर: नाही. गद्याच्या विरुद्ध फक्त पद्य. पद्य म्हणजे चरणांत बांधलेली रचना, आणि ती तशी आहे की नाही हे मोजून ठरते. काव्य मोजून ठरत नाही. उदाहरणापुरत्या रचलेल्या या दोन ओळी पाहा:

सभा सोमवारी सकाळी भरावी
तिची नोंद साऱ्या जणांनी करावी

वृत्त भुजंगप्रयात. ओळीत १२ अक्षरे, लघु-गुरु-गुरु (ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ) हा 'य' गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, ४ वेळा. यमकही जुळते. पद्य म्हणून निर्दोष, पण काव्य औषधालाही नाही. ही नुसती सूचना आहे. आता 'सोमवारी' काढून 'मंगळवारी' घाला. अक्षरे १३ होतात, दुसऱ्या गणात 'ग-ळ-वा' म्हणजे लघु-लघु-गुरु येते आणि वृत्त मोडते. मजकूर होता तितकाच रुक्ष राहिला, पद्य मात्र गेले.

संस्कृत साहित्यशास्त्रात हा घोळ नाही. भामह या प्राचीन साहित्यशास्त्रकाराने काव्याचेच गद्य आणि पद्य असे प्रकार सांगितले. बाणभट्टाची 'कादंबरी' गद्य असून काव्य. अमरकोश पद्यात असूनही कोशच. भास्कराचार्यांची 'लीलावती' (इ. स. ११५०) गणिताची, तीही पद्यात. तिच्यातल्या भुंग्यांच्या उदाहरणांत मात्र काव्य खरोखर आहे.

दुसरे उत्तर: वरची गण मोजण्याची कसोटी अक्षरगणवृत्तांपुरती, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तांपुरती. अभंगात गण पाहत नाहीत. मोठ्या अभंगाचे खंड ६-६-६-४ अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या खंडाला. मात्रावृत्तात लघूची १ मात्रा, गुरूच्या २. गण लावून अभंगाला सदोष ठरवणे ही नेहमीची चूक, आणि ती अन्यायाची आहे.

वापराबद्दल: 'चार कविता' म्हणतात; 'चार काव्ये' म्हटले की खंडकाव्यांसारख्या दीर्घ रचना डोळ्यांपुढे येतात. 'पद्यमय' रूपाविषयी, 'काव्यमय' गुणाविषयी. म्हणून 'काव्यमय गद्य' बरोबर, 'पद्यमय गद्य' अर्थहीन. आणि 'पद' वेगळे: ते गाण्यासाठी रचलेले असते, त्याला 'पद्य' म्हणून भागत नाही.