वॉर्साचं जुनं गाव : जुनं म्हणायचं की नवं?

खारेदाणे
ऑफिसच्या कामाने पोलंडमधे वॉर्साला गेलेलो, एक संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून ओल्ड टाऊनला चक्कर मारली. रंगीत घरं, मधे चौक, चौकात ढाल-तलवारवाली जलपरी, सगळं मस्त. मग पाटी वाचली, हा चौक १९५३ साली बांधून झालाय! म्हणजे हे 'मध्ययुगीन' गाव माझ्या आजीपेक्षा लहान. खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं. पोलंडमधलंच क्राकूव शहर बघा, दुसऱ्या महायुद्धातून वाचलेलं, अस्सल. इथे पिक्चरचा सेट लावलाय आणि आपण त्यापुढे आइस्क्रीम खात उभे. पडलं ते पडलं ना, सरळ नवीन बांधा की, जुन्याचं सोंग कशाला? मतं येऊ द्या, शिव्या जरा बेतानं.

भटकभवानी
'पडलं ते पडलं' काय, भूकंप झालेला का? १ ऑगस्ट १९४४ ला शहर बळकावून बसलेल्या जर्मनांविरुद्ध उठाव झाला, ६३ दिवस चालला, तो मोडल्यावर जर्मनांनी उरलंसुरलं शहर ठरवून, घर बघून बघून जाळलं, सुरुंगाने उडवलं. राजवाड्याच्या भिंतींना तर सुरुंगाची भोकं कितीतरी आधीच पाडून ठेवलेली. त्यांना हे गाव पुसायचंच होतं, आणि तुम्ही म्हणता जुनं सोडून नवीनच बांधा, म्हणजे पुसणाऱ्याच्या हातात आपणच ओलं फडकं द्यायचं. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, त्याला कुणी डुप्लिकेट देऊळ म्हणतं का?

खारेदाणे
देवळात देव असतो ताई. इथे पिझ्झा आणि फ्रिज मॅग्नेट.

लाल डबा
दोघांनाही थोडं थोडं. सोंग म्हणताय तर ते कशावरून उभारलं बघा. गाइड लोक सांगतात की बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने १८ व्या शतकात शहराची बारीक चित्रं काढलेली, त्यावरून सगळं बांधलं. अर्धंच खरं. त्याची चित्रं जास्त करून राजवाडा आणि दक्षिणेकडच्या मोठ्या रस्त्याची आहेत. या चौकाला खरी कामाला आली ती पॉलिटेक्निकच्या आर्किटेक्चरच्या मुलांनी युद्धाआधी मापं घेऊन केलेली ड्रॉइंग्ज, जी जर्मनांपासून लपवून शहराबाहेर एका मठात नेऊन ठेवली होती. म्हणजे शहर जळत होतं आणि त्याचे नकाशे मठात सुखरूप पडून होते. मला तर त्या घरांपेक्षा हेच भारी वाटतं.
पण जसंच्या तसं बांधलं हेही खोटं. सेंट जॉन कॅथेड्रलचा युद्धाआधीचा दर्शनी भाग १९ व्या शतकातला होता, तो परत केलाच नाही, त्याआधी कसा असेल असं वाटलं तसा केला. घरांच्या मागे कोंदट खोल्यांची दाटी होती ती गाळली, उजेड यावा म्हणून. आणि राजवाड्यासमोरच्या चौकालगत १९४९ मधे खालून बोगदा काढून वर सरकता जिना बसवला :)

भटकभवानी
+१, ड्रॉइंग्जसाठी दंडवत. आणि युनेस्कोने १९८० ला यादीत घेतलं ते 'जुनं' म्हणून नाहीच, जवळपास संपूर्ण पुनर्बांधणीचा नमुना म्हणून घेतलं. कुणी कुणाला फसवलेलं नाही.

उंबरठा
मला सेटबिट वाटत नाही, माझी तक्रार वेगळी आहे. विटा कुठून आल्या? ढिगाऱ्यातल्या वापरल्याच, पण व्रॉत्सवाफ, श्चेचिन अशी जर्मनीकडून मिळालेली शहरं होती तिथनंही वॅगनी भरभरून आणल्या, आणि त्यासाठी तिथली डागडुजी होण्यासारखी जुनी घरंही पाडली. एकाचं जुनं उभं करायला दुसऱ्याचं जुनं मोडायचं.
दुसरं म्हणजे मुरानूव. जुन्या गावापासून चालत जाण्याइतकं जवळ. तिथे ज्यूंचा घेट्टो होता, म्हणजे जर्मनांनी त्यांना कोंडून ठेवलेली वस्ती, तिथल्या ज्यूंच्या १९४३ च्या उठावानंतर जर्मनांनी तो सपाट केला. त्याचं कुणी ड्रॉइंग शोधलं नाही. ढिगाऱ्यावरच, ढिगाऱ्याच्या चुऱ्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी नवीन कॉलनी बांधली, काही बिल्डिंगी तर अजून उंचवट्यावर आहेत, खालचा ढिगारा उचललाच नाही ना. काय आठवायचं ते निवडूनच आठवलं, एवढंच माझं म्हणणं.

भटकभवानी
विटांचं मान्य, ते वाईटच झालं. मुरानूवबद्दल काय बोलू. पण तिथे परत यायला माणसंच उरली नव्हती हो, कुणासाठी जुनी घरं बांधणार होते?

उंबरठा
जुन्या गावात तरी जुनीच माणसं कुठे परत आली सगळी? फ्लॅट नव्याने वाटले.

कोल्हापुरी ठेचा
अवांतर : युद्धात हजारो पोलिश निर्वासित आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात राहिले होते, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. खारेदाणे, ते बघितलंत का?

खारेदाणे
नाही बघितलं :( आणि उंबरठा, मुरानूवचं माहीत असतं तर आइस्क्रीम सोडून तिकडे गेलो असतो. सेटवालं माझं मत अजून तसंच आहे, आता फक्त जरा दबक्या आवाजात.

लाल डबा
परत गेलात तर कॅथेड्रलच्या बाजूच्या गल्लीत शिरा. भिंतीत रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्याचा तुकडा बसवलाय, जर्मनांच्या गोलायथ नावाच्या रिमोटवाल्या सुरुंगगाडीचा म्हणतात. राजवाड्याच्या कडेला झिग्मुंट राजाच्या खांबाचे जुने दगडी तुकडे आडवे पडलेत, आजी-आजोबांसारखे. ते तरी अस्सल आहेत बरं का.